अळणी ताट

वर्धा, दवाखान्याच्या व्हरांड्यातून
२२ मे २०२५

वर्षालीताई,

सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. प्रेम सध्या शिल्लक नाही, म्हणून नुसता नमस्कार घ्या. माझा नंबर तुम्ही चार वर्षांपूर्वीच ब्लॉक करून टाकलात. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर करून पाठवते आहे. पुण्याला तुम्ही सही करून घेतलंत की मला कळेल.

तुमच्या आई जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण रविवारी तुम्ही तुमच्या दादांच्या फोनवर जे बोललात ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. 'माझ्या आईला काही झालं तर त्या जयाला पोलिसात देईन.' तुमच्या दादांनी काय उत्तर दिलं ठाऊक आहे ना? 'बरं.' बायकोला पोलिसात द्यायची गोष्ट चालली आहे आणि हा माणूस म्हणतो, बरं.

आई फोनवर म्हणाल्या, "वर्षाली, जया मले गोळ्या चारून मारून राह्यली," आणि तुम्ही ते खरं मानलंत. अहो, त्याच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गाय शोधत होत्या. आपल्याकडे गाय नाही, पाच वर्षं झाली विकून. शुक्रवारपासून तुमच्या बाबांना हाका मारत होत्या, "नानाजी आले का हिंगणघाटावून? ताट वाढ." मेलेल्या माणसाचं ताट वाढायला सांगणाऱ्या बाईचं बोलणं तुम्ही पुरावा म्हणून धरलंत. तुम्ही नर्स आहात ना? जीभ जड झालेली फोनवर ओळखू आली नाही? की माझं नाव आलं म्हणून बाकी काही ऐकूच आलं नाही?

सोमवारी सकाळी त्यांना झटका आला. दातखीळ बसली. वडनेरहून हिंगणघाटला नेलं, तिथून त्यांनी वर्ध्याला पाठवलं. डॉक्टर म्हणतात रक्तातलं मीठ फार खाली गेलं आहे. कशानं गेलं ते अजून तपासत आहेत. मला तर काही समजत नाही. जेवण मी करते, पाणी मी भरते, औषध मी देते.

आणि औषधाचं म्हणाल तर ऐका. तुमच्या बाबांच्या तेराव्याला सगळ्या सोयऱ्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, "घरात एक धडधाकट बाई असून एका म्हाताऱ्याला रोजची एक गोळी देता आली नाही." पत्रावळीवर बसलेले लोक जेवायचे थांबले होते. बीपीची गोळी बाबांनी मध्येच बंद केली, म्हणून त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला. आणि दोष माझा. बाबांनी गोळी सोडली हे मला माहीत नव्हतं. तेव्हाही मी तेच सांगितलं, आजही तेच सांगते. तुम्ही 'या घरात पाय ठेवणार नाही' म्हणून गेलात.

त्या दिवसापासून आईंची गोळी मी एकदासुद्धा चुकवली नाही. सकाळी चहाबरोबर बीपीसाठी लघवीची ती बारकी पांढरी गोळी. कॅलेंडरवर रोज खूण. चार वर्षांची कॅलेंडरं खिळ्याला टांगून ठेवली आहेत. तुमचे पोलीस आले तर दाखवीन.

घरात पाय ठेवायचा नाही हे ठीक. दवाखाना तर माझ्या नावावर नाही. तिथे यायला काय हरकत होती?

जया


वडनेर
२९ मे २०२५

वर्षालीताई,

काल आईंना घरी आणलं. शुद्धीवर आहेत, मला ओळखतात, तुमच्या दादांना ओळखतात आणि तुमचं नाव दिवसातून दहा वेळा घेतात. फोनवर आपण कोणाला काय बोललो हे त्यांना अजिबात आठवत नाही. मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पहिलं पत्र पोहोचलं, सहीची पावती आली. उत्तर आलं नाही. असू द्या. आज मला तुम्हाला काही सांगायचं आहे आणि ते सांगताना माझी मान खाली जाते आहे. म्हणून राग आणखीच येतो.

डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगणारे. त्यांनी गोळीचं पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "ही किती वर्षांपासून चालू आहे?" मी म्हटलं, सात. "मध्ये कोणी बदलली नाही?" नाही. "रक्त शेवटचं कधी तपासलं?" मी तुमच्या दादांकडे बघितलं. "मग गोळ्या आणता कशा?" तुमचे दादा म्हणाले, "मेडिकलवाल्याले रिकामं पाकीट दाखोतो, तो तसंच दुसरं देते."

अशी ही आपल्या घरची तऱ्हा. तुम्ही गेल्यापासून चार वर्षांत रिकाम्या पाकिटाला रिकामं पाकीट जोडत गेलो. डॉक्टर गोळीला वाईट म्हणाले नाहीत. म्हणाले, चांगली गोळी आहे, हजारो लोक घेतात. पण ती लघवीवाटे पाण्याबरोबर मीठही काढते. म्हाताऱ्या माणसात कधी कधी जास्तच काढते, म्हणून मधून मधून रक्त बघावं लागतं. जुलाब झाले, उलट्या झाल्या, तर ती थांबवून विचारावं लागतं.

ताई, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आईंना चार दिवस जुलाब होते. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेवता येत नव्हता. त्या म्हणाल्या, "आज गोळी नको देऊ वं जया, अंगात तरान नाई." आणि मी दिली. हात धरून, तोंड उघडायला लावून दिली. चारही दिवस. कारण मला तुमचं ते तेराव्याचं वाक्य ऐकू येत होतं. गोळी चुकली आणि काही झालं तर वर्षालीताई मला पुन्हा सगळ्यांसमोर उभं करतील, हेच डोक्यात. म्हणजे आई फोनवर जे बोलल्या ते सगळं काही भ्रमात नव्हतं. गोळ्या मीच चारत होते.

घ्या. तुमच्या हातात दिलं. आता खुशाल पोलिसात जा.

पण अजून अर्धीच गोष्ट झाली. डॉक्टरांनी विचारलं, जेवणात मीठ किती? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, अजिबात नाही. डॉक्टर खुर्चीतून पुढे आले. "अजिबात नाही म्हणजे?" मी म्हटलं, चार वर्षांपासून त्या आपलं वरण, आपली भाजी मीठ टाकायच्या आधी वेगळी काढून घेतात. भाकरीसुद्धा वेगळी. मला वाटायचं, ताई, तुम्ही पूर्वी 'मीठ कमी करा' म्हणाला होतात तेच त्या इमानानं पाळतात. मी तर शेजारणींना सांगायची, पथ्य पाळावं तर आमच्या आईंसारखं.

डॉक्टर म्हणाले, "कमी म्हणजे बंद नाही. एकीकडून गोळी मीठ काढते आहे आणि दुसरीकडून आत काहीच जात नाही. मग राहील काय?" त्यांनी ती गोळी बंद केली, दुसरी दिली आणि सांगितलं, थोडं मीठ पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा झटका येईल.

घरी आल्यावर मी ताटात चिमूटभर मीठ वाढलं. आईंनी ताट सरकवलं. मी रागावले, तुमचे दादा रागावल्यासारखं करून शेतात निघून गेले. तेवढ्यात शेजारच्या आनंदाबाई बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कायले जबरी करतं वं? तिचा नवस हाये ना गिरडचा."

मला काही माहीत नव्हतं. हे मात्र खरंच माहीत नव्हतं.

तुम्ही निघून गेलात त्याच्या पुढच्या महिन्यात या दोघी म्हाताऱ्या गिरडला गेल्या होत्या. टेकडी चढून बाबा फरीदच्या दर्ग्यात आई बसल्या आणि बोलल्या, मायी वर्षाली घरात पाऊल टाकीन, आपल्या हातानं मले घास भरवीन, तवाच मी मीठ तोंडाले लावीन. आनंदाबाईंना शपथ घातली की घरात बोलायचं नाही.

चार वर्षं, ताई. उन्हाळी पापडाच्या लाट्यासुद्धा त्यांनी चाखल्या नाहीत. लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही. तुमच्यासाठी. आणि तुम्ही दर रविवारी फोनवर त्यांना विचारता, "जेवलीस का?"

मी त्यांना म्हटलं, दवाखान्यात चार दिवस सलाईन लावलं होतं, त्यात मीठच होतं, नवस तेव्हाच मोडला. त्यावर उत्तर काय आलं? "ते तोंडातून नाई गेलं." आता बोला! वकील व्हायला हवं होतं या बाईनं.

या पत्रानं मी एकच मागते. एक दिवस या. एक घास भरवा. माझ्याशी बोलू नका, माझ्या हातचं पाणी पिऊ नका, मी त्या दिवशी माहेरी समुद्रपूरला जाऊन बसते. पण या.

जया


वडनेर
१६ जून २०२५

वर्षालीताई,

उत्तर मिळालं. चार ओळी. 'सध्या रजा नाही. दिवाळीला बघू. नवस वगैरे अंधश्रद्धा आहे, आईला नीट समजावून सांग. मीठ आहारात असायलाच हवं.' खाली सही, सहीखाली तारीख. अगदी दवाखान्याच्या कागदासारखं.

आहारात असायलाच हवं. वा! हे आम्हाला ठाऊकच नव्हतं बरं का. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. पुण्यात बसून आईला समजावून सांग म्हणायला काय लागतं? तुम्हीच रविवारी समजावलंत की. स्पीकरवर होतं, मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, "आई, मी सांगते ना, खा." आणि त्या म्हणाल्या, "तू येजो, मंग खातो." तुम्ही म्हणालात, ड्युटीची वेळ झाली.

शनिवारी आईंना रक्त तपासायला हिंगणघाटला नेलं होतं. दवाखान्यातून सुटताना रक्तातल्या मिठाचा आकडा १३३ होता. आता १२६ आहे. तुम्हाला या आकड्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळतो. डॉक्टर म्हणाले, पाणी बेताचं पाजा, मीठ खाऊ घाला, आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तपासा, आणि बडबड सुरू झाली तर वाट न बघता घेऊन या. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला दोनदा विचारलं, "हे कोनतं गाव?" वडनेरच्या फाट्यावर, ताई. जिथे त्यांनी पन्नास वर्षं काढली.

तुम्ही मला सांगा, तुमची शपथ मोठी की त्यांचा नवस मोठा? त्यांचा नवस अंधश्रद्धा आणि तुमचं 'पाय ठेवणार नाही' हे काय शास्त्र आहे? दोघी मायलेकी एका मातीच्या. मध्ये मी पिसली जाते आहे.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. तुम्ही न येण्याचं कारण मी आहे, हे मला कळतं. तर ते कारण पुरतं माहीत असू द्या.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तेराव्यालाही खोटं बोलले. तुमच्या बाबांनी गोळी सोडली होती हे मला माहीत होतं.

कापसाचा हंगाम होता. ते दर दोन-तीन दिवसांनी बसनं हिंगणघाटच्या बाजारात जायचे. गोळी घेतली की तासाभरात तीनदा लघवीला लागायचं, आणि बस मध्ये थांबत नाही. एकदा त्यांनी ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं तर गाडीतली पोरं हसली. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. ते तसेच घरी आले आणि मागच्या दारानं न्हाणीत शिरले. धोतर मी धुतलं. तेव्हा ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी गोळी नाई घेत मी आता. वर्षालीले सांगू नको, ती बोंबलते." मी हो म्हटलं. पुढे बाजार नसलेल्या दिवशीही ते गोळी कोपरीच्या खिशात टाकायला लागले. कपडे धुताना मला सापडायच्या, विरघळलेल्या. मी बोलले नाही. सासऱ्याला लघवीबद्दल सून काय बोलणार? एवढी लाज होती मला. आणि त्या लाजेपायी माणूस गेला.

म्हणून तेराव्याला तुमचं बोलणं मला इतकं झोंबलं. खोटं असतं तर मी भांडले असते. मी भांडले नाही, हे तुमच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तर आता कारण पुरं झालं. माझ्यावर काय राग धरायचा तो धरा, जन्मभर धरा, तो माझा आहे. पण आईंनी कोणाचं काय केलं? त्यांनी तर आपली गोळी घेतली, नेमानं, मी दिली तेवढी.

हे वाचून तरी निघा. दिवाळीपर्यंत हे माणूस टिकणार नाही. मी घाबरवत नाही आहे. मीच घाबरले आहे.

जया


वडनेर
८ जुलै २०२५

वर्षालीताई,

तुमचा निरोप तुमच्या दादांनी वाचून दाखवला. रजा मंजूर झाली, वीस तारखेला येता आहात, दोन दिवस राहाल. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली, 'आता तरी आईचा नवस माझ्या हातानं फिटेल.' तुमचे दादा भावुक आहेत, कामाचे नाहीत.

तिसरं पत्र टाकल्यापासून तीन आठवडे लागले तुम्हाला. तीन आठवडे. म्हणून आता हेही ऐकून घ्या.

तुम्हाला सोळा तारखेचं पत्र टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी मी आईंच्या वेगळ्या काढलेल्या वरणात मीठ टाकलं. त्या अंगणात होत्या. चिमूट अर्धी बाहेर सांडली. मी मनात म्हटलं, बाबा फरीद, पाप माझ्या नावावर लिहा, आधीचीही बरीच आहेत. ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे तोंड केलं. मग त्या जेवल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वरण पुन्हा मागितलं.

मी स्वतःची समजूत घातली की त्यांना कळलं नसेल. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त टाकलं. मग भाकरीच्या पिठातही. माझ्या सासूला मी रोज फसवते आहे, असं वाटून मी तीन आठवडे त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं. १३६. बीपीही ठीक आहे. नवीन गोळी वेगळी आहे आणि तिची चिठ्ठी मी डॉक्टरांकडून लिहून घेतली आहे, पुढची तारीख घालून. रिकामं पाकीट चुलीत घातलं.

आता परवाच्या रविवारचं.

दुपारी आनंदाबाई आल्या होत्या. मी त्यांनाही जेवायला बसवलं. त्या दिवशी आनंदाबाई बघतील या भीतीनं माझी चिमूट आखडली. आईंनी वरणभात कालवला, घास तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या,

"जया, आज मीठ कमी पडलं वं."

आनंदाबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "अवं रुख्माबाई, अन् तुवा नवस?"

"मोडला," आई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी मोडला. जिभीले काय कयत नाई का? हे पोरगी चुलीकडे तोंड करून उभी होती, चोरावानी. मले दिसत होतं तिचं अंग कापून राह्यलं ते." मग त्यांनी पुढचा घास कालवला. "चार सालं वाट पायली. आता भूक लागली मले."

मी उठून मीठ आणलं. त्यांनी आपल्या हातानं वाढून घेतलं.

मला बरं वाटायला हवं होतं, ताई. नाही वाटलं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही यावं म्हणून मी तीन पत्रं लिहिली, माझ्या तोंडानं माझी पापं सांगितली, आणि तुम्ही येईपर्यंत त्या वाट बघतील असं तुम्ही धरून चाललात. मीही धरून चालले होते. आईनं वाट बघायची नाही तर काय करायचं, असंच आपल्याला वाटतं.

तर वीस तारखेला या. तुमची खोली झाडून ठेवते. मी समुद्रपूरला जाणार नाही, इथेच राहीन. बाबांबद्दल जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, यावेळी मी खोटं बोलणार नाही. पण घास भरवायला म्हणून येऊ नका. तो आता तुमच्यासाठी राखलेला नाही.

आणि एक. त्याच दुपारी तुमचा फोन आला, आम्ही ताटावरच होतो. तुमच्या दादांनी फोन आईंसमोर धरला, "वर्षाली हाये." आईंनी मान हलवली आणि खुणेनं त्यांना काही सांगितलं. त्यांनी तुम्हाला सांगितलं की आई झोपली आहे.

त्या झोपल्या नव्हत्या. त्या जेवत होत्या.

जया